जांभळ्या शेपटीचा पाहुणा

१४ ऑक्टोबर २००१, रविवार. काम — स्वयंपाकघराचा पोटमाळा रिकामा करून झाडणे आणि उंदीर घालवणे.

तारीख पक्की लक्षात आहे. त्या वर्षी अधिक महिना मध्ये आल्यामुळे नवरात्र लांबलं होतं आणि बुधवारी घट बसणार होते. माझ्या हातात तेवढा एकच रविवार होता.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणणार नाही. इथे लोक आपापले अनुभव लिहितात त्यातल्या पांढऱ्या साडीतल्या बाया, रस्त्यात लिफ्ट मागून गायब होणारे म्हातारे... मला आयुष्यात कोणी भेटलं नाही. मी सरकारी धान्य गोदामात कारकून होते. गोदामात अंधार असतो, आवाज येतात, आणि प्रत्येक आवाजामागे उंदीर, घूस नाहीतर गळका पत्रा असतो. चौथं काही मला कधी सापडलं नाही. हे लिहितेय ते भाचीच्या आग्रहावरून. ती म्हणाली, "मावशी, तू लिही. तू लिहिलंस तर लोकांना खरं वाटेल." बघू.

आमचं घर नाशिकला, मखमलाबाद रोडवर. बारा घरांची सोसायटी, आम्ही तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर पाण्याची टाकी, मग एक बोळ, मग पाट. पाटावर छोटा पूल आणि पलीकडे तेव्हा नुसत्या द्राक्षबागा. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की बागांतले उंदीर आमच्याकडे यायचे. दरवर्षी. त्यात नवल काही नाही.

नवल वाटावं असं त्याच्या सहा वर्षं आधी सुरू झालं होतं, म्हणून आधी ते सांगते.

१९९५ साली आमची अनघा — अनू — नऊ वर्षांची होती. एकुलती एक. त्या वर्षी उंदरांनी कहर केला होता. तुरीची डाळ, माझी एक बरी साडी, अनूच्या भूगोलाच्या पुस्तकातला अर्धा महाराष्ट्र... सगळं कुरतडलं. मी बाजारातून पिंजरा आणला. तो नेहमीचा, खाली-वर लाकडी फळ्या, बाजूंनी जाळी, आत आकडा. आकड्याला भजं अडकवायचं.

तीन दिवस एकही उंदीर फिरकला नाही. तेव्हा शेजारच्या बागुल वहिनींनी माझी चूक काढली. वहिनी सटाण्याकडच्या.

"शैलाताई, तुम्ही मोठ्यानं बोलता. 'उंदराला भजं ठेवलं' म्हणता. त्याला समजतं ना सगळं."

"वहिनी, त्याला मराठी येतं?"

"हसा तुम्ही. आमच्याकडे पिंजरा लावताना नाव घेत नाहीत. पाहुणा म्हणायचं. 'पाहुण्याला ताट वाढलं' म्हणायचं आणि गप झोपायचं."

मी हसले. पण अनूला ते फार आवडलं. त्या दिवसापासून घरात उंदीर हा शब्द बंद. झोपण्याआधी ती ओट्याखाली वाकून गंभीर चेहऱ्याने विचारायची, "आई, पाहुण्यांना ताट वाढलं का?" आणि नेमका दुसऱ्याच दिवशी उंदीर सापडला. भजं ताजं होतं म्हणून सापडला, हे माझं मत.

माझे मिस्टर मऊ स्वभावाचे. सापडलेला उंदीर मारायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सकाळी फिरायला जाताना ते पिंजरा न्यायचे आणि पूल ओलांडून बागेत सोडून यायचे. मी म्हणायचे, "अहो, तुम्ही चालत येता, तो पळत येतो. तुमच्याआधी घरी पोचत असेल."

अनूने हे मनावर घेतलं. तिने एक युक्ती काढली. मागच्या नवरात्रात कालिकेच्या जत्रेत तिने हट्टाने एक नेलपॉलिश घेतलं होतं — जांभळं, चमकी असलेलं, बघवणार नाही असं. पिंजऱ्यातल्या उंदराची शेपटी जाळीतून बाहेर येतेच. तिने त्या शेपटीवर जांभळ्या दोन रेघा ओढल्या. दोन का, तर एक पुसली तरी दुसरी राहील. पोरगी माझीच होती.

"आता हा परत आला तर आई जिंकली. नाही आला तर बाबा."

पाच-सहा उंदीर गेले. जांभळ्या शेपटीचा एकही परत आला नाही. "आई हरली, आई हरली" करत ती घरभर नाचली.

दिवाळीनंतर मिस्टरांची बदली देवळाली कॅम्पच्या ऑफिसात झाली. पाचला उठायचं आणि सहाची बस गाठायची. फिरणं बंद. पिंजऱ्याचं काम माझ्याकडे आलं. अनूची शाळा सकाळची. सातला रिक्षा. जायच्या आधी ती पिंजऱ्यात बघायची, सापडला असेल तर शेपटीवर रेघा ओढायची आणि मला बजावून जायची, "आई, पाहुण्याला नीट पोचव हं. पाटापलीकडे. अलीकडे नको, तिथे मांजर आहे."

मी 'हो' म्हणायचे.

मला साडेनऊला गोदामात हजर व्हायचं असे. पाणी भरणं, दोन डबे, धुणं. पाटापलीकडे जाऊन यायला अर्धा तास. मी मोरीत बादली भरायची, पिंजरा त्यात बुडवायची, तोवर कुकर लावायची. कुकर लागला की काम झालेलं असे. गोदामात आम्ही पोत्यांच्या आडोशाला औषध ठेवून ढिगाने मारत होतो. एका उंदराचं काय ते कौतुक. दुपारी अनू आली की विचारायची, "पोचवलंस?" मी म्हणायचे, "पोचवलं."

नऊ वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगणार होते मी?

डिसेंबरात पिंजरा बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. सकाळी बघावं तर दार पडलेलं, भजं खाल्लेलं आणि आत कोणी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा हेच. मी स्प्रिंग बदलून आणली, तरी तेच. त्याच सुमारास अनू बाबांबरोबर पाचला उठायला लागली होती. अभ्यास करते म्हणायची. मी बागुल वहिनींना कौतुकाने सांगितलं होतं, थंडीत सुद्धा उठते हो पोर.

फेब्रुवारीत तिला ताप आला. डोकं दुखतंय म्हणाली, मग मान वळेना. मेंदूज्वर. दवाखान्यात चार दिवस. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिणार नाही.

एवढंच लिहिते... तिसऱ्या दिवशी दुपारी ती तासभर चांगली शुद्धीवर होती. मिस्टर औषधं आणायला गेले होते. मी तिच्या ओठांना पाणी लावत होते. तिने विचारलं,

"आई, पाहुण्यांना पोचवतेस ना गं?"

"हो."

"पाटापलीकडे?"

"हो बाळा. पाटापलीकडे."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं."

माझ्याशी बोललेला तिचा तो शेवटचा शब्द. 'बरं.'

मी पंधराव्या दिवशी कामावर गेले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. लोकांना काय, काहीतरी म्हणायचं असतं. तिचे कपडे मी देऊन टाकले. कंपासपेटी तेवढी ठेवली, लोखंडी कपाटात. पेन्सिली, पट्टी, खोडरबर आणि ती जांभळी बाटली. पिंजरा माळ्यावर टाकला. पुढची पाच वर्षं उंदीर आले की मी गोदामातल्यासारख्या औषधाच्या वड्या ठेवत होते.

आता त्या रविवारचं.

वड्यांचा एक तोटा असतो. उंदीर कुठेतरी कपाटामागे जाऊन मरतो आणि आठ दिवस वास येतो. घरात घट बसलेले असताना मला तो वास नको होता. माळा झाडताना जुना पिंजरा हाताला लागला. घासला, पुसला, उन्हात ठेवला. चार वाजता भजी तळली, एक आकड्याला लावलं आणि पिंजरा ओट्याखाली सरकवला. लावताना काही बोलले नाही. घरात मी एकटीच होते. मिस्टर निफाडला बहिणीकडे गेले होते.

साडेपाचला मी ओट्याशी डबे पुसत उभी होते. स्वच्छ उजेड होता. खट् आवाज झाला.

मी आधी मोरीत जाऊन बादली भरली. मग पिंजरा ओढला. उंदीर साधाच, करडा, मध्यम. कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि शेपटी जाळीतून बाहेर आली होती.

शेपटीवर दोन जांभळ्या रेघा होत्या.

मी पिंजरा खाली ठेवला. चष्मा पुसला. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. चमकी दिसत होती. मग मी बोट लावलं... कशी हिंमत झाली ठाऊक नाही. रेघ ओली होती. माझ्या बोटाला आणि नखाला जांभळं लागलं. नाकाशी नेलं. नेलपॉलिशचा वास. ताजा.

मोरीतलं पाणी मी ओतून दिलं. ते का आधी केलं, सांगता येणार नाही. मग कपाट उघडलं. किल्ली माझ्या पर्समध्येच असते. कंपासपेटीतली बाटली काढली. झाकण फिरेना. पक्कडीने तोडलं. आतलं सगळं वाळून दगड झालेलं, ब्रश त्यात उभा रुतलेला. उलटी केली तरी थेंब नाही.

मग मी बागुल वहिनींना हाक मारली. त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, जरा बघा. त्या वाकल्या, शेपटी बघितली. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात. घाबरल्या की अहिराणीवर येतात.

"हाई तं अनूनं काम शे," म्हणाल्या.

"काहीतरी बोलू नका वहिनी. कोणाच्या तरी पोराने केलं असेल."

"कोणाच्या?"

मी पिंजरा उचलून ओट्यावर ठेवला.

मिस्टर सातला आले. पिंजरा ओट्यावरच होता. त्यांनी तो पाहिला, शेपटी पाहिली आणि स्टुलावर बसले. मी त्यांना चहा दिला. मग उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कधी ना कधी सांगायचंच होतं.

"मी एकही सोडला नव्हता. तुमची बदली झाली तेव्हापासून. सगळे बादलीत बुडवले. तिला खोटं सांगत होते. दवाखान्यात पण खोटंच सांगितलं."

ते म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बादलीचं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अनूने."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तिला कसं कळणार? ती शाळेत असायची."

"शैला, पिंजरा ओला असायचा." त्यांनी हाताने पिंजऱ्याची खालची फळी दाखवली. "जाळी वाळते. लाकूड दिवसभर ओलं राहतं. ती दुपारी आली की हात लावून बघायची. मला म्हणाली, बाबा, पाटापलीकडे पाऊस पडतो का रोज?"

मी वाकून ती फळी बघितली.

"मग पहाटे माझ्याबरोबर उठायला लागली. अभ्यास कसला! पाहुणा सापडला असेल तर रेघा ओढायची आणि मागच्या दाराने सोडून द्यायची. टाकीपाशी. वरच्या कडीला तिचा हात पुरायचा नाही, ती मी काढून द्यायचो. मी म्हटलं, अगं इथे सोडलास तर तो परत आतच येणार. तर म्हणाली, येऊ दे. जांभळी शेपटी दिसली की आईला कळेल हा आपला आहे."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणाली, आईला बोलू नका बाबा. तिला वेळ नसतो."

बाहेर कोणाच्या तरी घरी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मला आठवतं, मी विचारलं, "नंतर तरी सांगायचं. साडेपाच वर्षं झाली."

"नंतर काय सांगणार होतो? तू रडतसुद्धा नव्हतीस. मला वाटलं, हे सांगितलं तर तू मोडशील."

मी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा आणि वाटीत पाणी ठेवलं.

ते 'बरं' मला तेव्हा कळलं. ती मला विचारत नव्हती. ती मला एक संधी देत होती, आणि मी ती घेतली नाही, तरी 'बरं' म्हणाली. असं मला वाटतं. तिला काय म्हणायचं होतं, ते आता कोण सांगणार.

आता हिशोबाने बघू, कारण मला तसंच बघता येतं. घरातला उंदीर फार तर वर्ष-दीड वर्ष जगतो. गोदामात इतकी वर्षं काढली, एवढं मला कळतं. अनूने रंगवलेला उंदीर साडेपाच वर्षांनी जिवंत असणं शक्य नाही. समजा असला, तरी रेघा ओल्या कशा? समजा, कोणी मुलाने गंमत केली. त्यासाठी उंदीर हातात यायला हवा, आणि आमच्या सोसायटीत तेव्हा लहान मूलच नव्हतं. सगळी कॉलेजात गेलेली किंवा लग्न होऊन गेलेली. तरी मी त्या आठवड्यात बाराही घरी जाऊन विचारलं. जांभळं, चमकीचं नेलपॉलिश कोणाकडे नव्हतं. लोकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पाहू दे. समजा, मला भास झाला. मग मिस्टरांना आणि बागुल वहिनींनाही तोच भास झाला का? आणि माझ्या नखावरचा डाग? तो मी साबणाने, रॉकेलने घासला. दसऱ्यापर्यंत जागचा हलला नाही. मग नखाबरोबर वाढत वाढत टोकाला गेला आणि एक दिवस कापला गेला. ते नख मी टाकून दिलं. ठेवायला हवं होतं, असं आता वाटतं.

एका गोदामाच्या साहेबांना मी हे सांगितलं होतं. शिकलेला माणूस. ते म्हणाले, मनाचे खेळ असतात बाई. असतील. मला दुसरं स्पष्टीकरण मिळालेलं नाही, आणि हेही पटलेलं नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त 'मुलीचा आत्मा' वगैरे लिहू नका. तिला तसं काही व्हायची हौस नव्हती. तिला फक्त उंदीर जगायला हवे होते.

त्यानंतर पिंजऱ्यात पुष्कळ उंदीर सापडले. रेघा कोणाच्याच शेपटीवर नव्हत्या. मी प्रत्येक वेळी आधी तेच बघते.

राहिलं त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाचं. सोमवारी सकाळी मी साडेसहाला ऑफिसच्या साहेबांच्या घरी फोन केला, आज उशीर होईल म्हणून. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, "पाहुणे आहेत घरी. पोचवायचेत."

पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि निघाले. मिस्टरांनी त्या दिवशी सहाची बस सोडली होती; येतो म्हणाले, मी नको म्हटलं. पूल ओलांडला. पलीकडे पहिल्या बागेच्या जागी प्लॉट पडले होते, चुन्याच्या रेषा आणि दगड. तिथे सोडायचं मनाला येईना. पुढे गेले. दुसऱ्या बागेतही वेली उपटलेल्या. अजून पुढे चालत गेले, तेव्हा एक राखलेली बाग लागली. तिथे एक बाई छाटलेल्या काड्या गोळा करत होती. मी बांधावर बसून टॉवेल काढला, तशी ती ओरडली,

"ओ बाई! आमच्याच बागंत कशाला सोडता त्याला? हितं काय कमी हायेत का? लय हायेत!"

"एकच आहे," मी म्हटलं. "असू द्या."

माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "बरं, सोडा. एकानं काय व्हतंय."

मी दार वर धरलं. तो लगेच बाहेर आला नाही. मी घाई केली नाही, पिंजरा आपटला नाही, धरून बसले. हात भरून आला. मग तो निघाला, वेलीच्या बुंध्यापाशी क्षणभर थांबला आणि पाल्यात गेला. जांभळी शेपटी सगळ्यात शेवटी गेली.

घरी आले तेव्हा आठ वाजून गेले होते. मिस्टर मागच्या दारात, टाकीपाशी उभे होते. वरची कडी काढलेली होती. मी पिंजरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला आणि खालच्या फळीवरून तळहात फिरवला.

मग मीही फिरवला. कोरडी होती.